रुमालाखाली

पस्तीस वर्षं शाहूपुरीत गुळाचे रवे तोलले.
मगदूम तोलाईदार काट्यावर आहे म्हटलं की
अडत्या पावती न बघता खिशात घालायचा.
थरथरता काटा कुठं थांबणार
ते मला डोळे मिटून कळायचं.
स्वतःला मात्र कधी तोललं नाही.
डॉक्टर इंगवलेबाई म्हणाल्या, एकशेआठ,
आणि साखरेचा आकडा लिहून
कागद माझ्याकडं फिरवला,
जुनी उधारी दाखवावी तसा.

आता दर आयतवारी
फ्रीजच्या दारातून, लोण्याच्या डब्यामागून
पेन निघतं.
असलं पेन, की ज्यानं एक अक्षर उमटत नाही.
बेंबीपासून दोन बोटं सोडून,
मागच्या खेपेला डावीकडं, म्हणून आज उजवीकडं.
पद्मा म्हणते, "सुई केसाएवढी, आणि तोंड बघा,
जणू चरकात बोट घालायलेत."

डॉक्टरबाई म्हणतात, शून्य पॉइंट पंचवीस.
मी म्हणतो, पाव.
शून्य पॉइंट पाच.
अर्धा.
पावकी, निमकी, पाऊणकी
गुरुजींनी छडीनं पाठ करून घेतलेली.
ती कधी पोटात टोचून घ्यावी लागेल
असं त्यांनाही वाटलं नसेल.

पावाला काही झालं नाही.
अर्ध्याला भूक गेली,
पंगतीतून न सांगता उठून गेलेल्या पाहुण्यासारखी.
ताटात दुसरी भाकरी तशीच, खर्डा तसाच,
पद्मा झाकण ठेवायची, पुन्हा काढायची.
सहा किलो उतरले.
सहाच का?
बारा का नाहीत?
महिना भरायच्या आत, कुणाला न विचारता,
मी एक चढवला.

काट्यावर हळूच अंगठा ठेवणाऱ्यांना
जन्मभर शिव्या दिल्या मी.
त्या आयतवारी पेनाच्या बुडावर
अंगठा माझाच होता.

तीन दिवस मोरीच्या उंबऱ्यावर.
पाण्याचा घोटसुद्धा माघारी.
चौथ्या दिवशी यार्डात गेलो,
हंगामातला पहिला रवा कुणीतरी फोडला,
पिवळाधमक, आतून अजून कोमट,
आणि मी तोंड फिरवलं.
कुणी बघितलं नाही, बरं झालं.
गुळाच्या वासाला पाठ करणाऱ्याला
आमच्या पेठेत आजारी म्हणत नाहीत,
संपला म्हणतात.

डॉक्टरबाई ओरडल्या असत्या तर बरं होतं.
नुसतं म्हणाल्या, "मागं या. अर्ध्यावर.
दोन महिने तिथंच थांबायचं.
पुढं न्यायचं का, ते मी सांगणार."
मी हळूच विचारलं, पाऊण?
"सौदा करायलाय काय हो?"
व्हय, करत होतो.

पूर्वी आमच्यात भाव तोंडानं ठरत नसे.
रुमाल टाकायचा, खाली हातात हात,
बोटं दाबून आकडा सांगायचा,
वर दोघांचे चेहरे कोरे.
पण तिथं माल कुणाचा, पैसा कुणाचा, ठाऊक असायचं.
इथं मी काय दिलं?
रात्री उठून तोंडात टाकलेला खडा,
लग्नातली चौथी जिलबी,
"भूपाल, तू खाल्लंस तर स्वयंपाक केल्यासारखा वाटतो"
म्हणणाऱ्या थोरल्या बहिणीचं समाधान.
घेतलं काय, ते अजून मोजतोय.
पट्ट्याला खिळ्यानं नवं भोक पाडलं.
पायाची आग कमी आहे.
कधी कमी, कधी नाही.

आज आयतवार.
चकती फिरवली, टक, टक,
पद्मा चष्मा लावून आकड्यावर नजर ठेवून.
"बस," म्हणाली.
माझा मोकळा हात ओढून पदराखाली घेतला
आणि एकच बोट दाबलं,
तेही मधल्या पेरापर्यंत.
चेहरा कोरा.