बर्फाच्या वहीचं मागलं पान

बंदीच्या दिवसांत बर्फ कुणाला लागत नाही.
होड्या झापांखाली, फॅक्टरीचं मशीन गप्प,
म्हणून वही उलटी करून मी मागल्या पानावर लिहिलं:
इसाक सोलकर, पिवळे, पाच हजार.
झिलू तारी, पिवळे, दोन हजार आणि एक कोंबडा.
उमाकांत कोयंडे, हिरवे, अकरा हजार.

हा शेवटचा माझा नवरा.
अकरा हजार गिअरबॉक्सचे.
लिहिताना मी मान वर केली नाही,
तो खिशात काडेपेटी शोधत राहिला.

हे खूळ पास्कूचं.
सात वर्षं क्रूझवर बशा विसळून आला
आणि देवगडात बास्केटबॉल घेऊन आला.
टोपली उंच टांगायची, तिचं बूड कापायचं,
म्हणजे टाकलेलं आत राहत नाही.
झिलू म्हणाला, "आमचो धंदो काय येगळो आसा?"

संघांची नावं कुणाच्या जिभेला वळली नाहीत.
हिरवे आणि पिवळे, बस्स.
झिलूने पिवळे घेतले,
कारण त्यांचा तो ताडमाड गडी चेंडू टाकण्याआधी
जमिनीला हात लावून कपाळाला नेतो,
होडीवर चढताना नाळीला लावतात तसा.
उमाकांतने हिरवे का घेतले, सांगितलं नाही.
इसाक आधी पिवळे म्हणाला होता,
तेवढं पुरलं असेल.

सातवी मॅच, शेवटची. तिकडे रात्र,
इकडे सकाळचे आठ वाजून गेलेले.
लाद्यांच्या रिकाम्या साच्यांवर बसलेले बावीस पुरुष,
अठ्ठ्याण्णव-अठ्ठ्याण्णव, अकरा सेकंद,
आणि लाईट गेली.
तिच्यामागून टॉवरही गेला.
बावीस हातांत बावीस मोबाईल,
कालच्या बांगड्यासारखे थंड.

माझं कार्ड दुसऱ्या कंपनीचं, माहेरहून आणलेलं.
रेंज फक्त सड्यावर.
"तूच जा गो," सगळे म्हणाले.
पैसे माझ्याकडे, म्हणून निकालही मीच आणायचा.

जांभ्याच्या पायऱ्या चढून वर गेले,
पवनचक्कीच्या अलीकडे मोबाईल उघडला,
तर खेळ संपलाच नव्हता.
बरोबरी. पाच मिनिटं जादा.

मग मी बसले. चपला काढून, का कोण जाणे.
दोन महिने मी या खेळाचे फक्त आकडे लिहिले होते,
खेळ पाहिला नव्हता.
ताडमाड गडी सहा चुका भरून बाहेर गेला
आणि त्याच्या जागी एक बुटका उठला, चौदा नंबरचा,
अख्खी मॅच मांडीवर टॉवेल घेऊन बसलेला.
मला तो ओळखीचा वाटला.
कडेला बसून दुसऱ्यांचं मोजणारं माणूस
लांबूनही कळतं.

टाक रे, मी म्हटलं.
मग मोठ्याने म्हटलं.
चेंडू कडीवर फिरला, पुन्हा फिरला,
झडप घालायची की नाही ते न ठरलेल्या घारीसारखा,
आणि आत.

मी उभी राहून टाळ्या वाजवल्या.
सड्यावर एक म्हैस होती, तिने मान वळवली.

मग गिअरबॉक्स आठवला.

उतरताना तोंड सरळ करून बघितलं. होईना.
काजूच्या झाडाखाली थांबून पदराने पुसलं,
हसू म्हणजे जसा काही घाम.
वळणावर आले तर खाली सगळ्यांच्या माना वर.
मी एक शब्द बोलले नव्हते.
इसाकने दोन्ही हात आभाळात नेले.
झिलूने कोंबड्याला शाबासकी दिली, कोंबडा तिथे नसताना.
आणि उमाकांत माझ्या तोंडाकडे बघत राहिला,
एकोणीस वर्षांत बघितलं नव्हतं
इतक्या विश्वासाने,
मग पाठ वळवून ओरडला,
"पास्कू, सगळ्यांका चाय सांग! पैशे माझे!"

अजून सतरा पायऱ्या होत्या.
मी सावकाश उतरले.