गिबाराची नोंदवही

दुपारी तीनला एउदाल्दोनं लिहिलं : एकशे बारा मिलिमीटर.
खाली बारीक अक्षरात : खरा याहून जास्त.
वारा आडवा असला की पाऊस मापात पडत नाही,
तोंडावरून निघून जातो
ओळख न दाखवणाऱ्या माणसासारखा.

आत नेरेइदा नातवाच्या कपाळावर
ओली घडी ठेवते. घडी सुकते. पुन्हा भिजवते.
पाणी जाताना ताप घेऊन जातं, ती म्हणते.
कुठं जातं ते तिनं कधी विचारलं नाही.

एउदाल्दोला ठाऊक आहे.
आठवडाभर समुद्रालाही ताप होता,
धक्क्यावर पाय सोडून बसलं तर
घोट्यांना कळत नव्हतं पाणी कुठं सुरू होतं.
त्यातून वाफ उठली, समुद्राकडून ऊब उसनी घेऊन,
कागद नाही, साक्षीदार नाही.
वर, जिथं हवा विरळ आणि गार,
मिठाच्या एका कणाला धरून ती थेंब झाली
आणि उसनं सगळं तिथंच टाकून मोकळी झाली.
समुद्राला नाही परत केलं. वाऱ्याला दिलं.
वारा फुगला, चढला,
खालून आणखी वाफ ओढू लागला.

पुस्तकात याला सुप्त उष्णता म्हणतात.
सुप्त!
आमच्या छपराचा पत्रा
ओसोरिओच्या आंब्यात जाऊन अडकला तेव्हा
तो एवढंच म्हणाला, मोठ्यानं : सुप्त.

सगळेच थेंब पोचत नाहीत.
काही अर्ध्या वाटेवर कोरड्या हवेत शिरतात
आणि विरतात;
ती हवा गारठते, जड होते, धाडकन खाली येते.
त्या न पडलेल्या पावसासाठी वहीत रकाना नाही.
चाळीस वर्षं त्याला तो रकाना हवा होता.

सहाला माप भरून वाहत होतं.
नवाला माप नव्हतंच, नुसता खांब.
कंदिलाखाली लिहिलं : माप गेलं. पाऊस आहे.

पहाटे नेरेइदानं हाक मारली.
पोराची मान घामानं निथळत होती, गार.
त्यानं हात लावून पाहिला, काही बोलला नाही,
दोरीला बांधलेला थर्मामीटर घेऊन धक्क्यावर गेला,
जेवढा धक्का उरला होता तेवढ्यावर.
समुद्र दोन अंशांनी उतरला होता.

दोन्ही आकडे त्यानं एकाच ओळीत लिहिले,
पोराचा आणि पाण्याचा.
मग कचेरीतले ओरडतील म्हणून एक खोडला.
कुठला, ते आता वाचता येत नाही.
वही भिजली आहे.