त्रिज्या

फेब्रुवारीत रूळ टाकले तेव्हा ग्वाल्हेर गार होतं.
पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं
मी पोरांना धातूचं प्रसरण शिकवलं,
फळ्यावर, सूत्रासकट,
आणि थाटीपूरच्या माझ्याच अंगणात
पितळी रूळ टोकाला टोक भिडवून बसवले.
फट दिसायला वाईट दिसते म्हणून.

मे महिना. दुपारी दोन. सेहेचाळीस.
टाकीजवळची सरळ लाइन
गांडुळासारखी वळवळून पडलेली.
छत्री धरून मी बघत राहिले. हसूच आलं.
फळ्याने शेवटी वचपा काढला.

मग हॅक्सॉ. दर चार फुटांवर दोन मिलिमीटर.
तोवर गाडी मुक्याने घरंगळायची,
आता तिला कंठ फुटला:
खट्-खट्, खट्-खट्.

गेज पंचेचाळीस मिलिमीटर.
इंजिनाच्या पोटात व्हॅनच्या वायपरची मोटर,
डबे जुन्या दाराच्या सागवानाचे,
निळे, घोसीपुऱ्याहून श्योपूरला जायचे तसे.
त्या गाडीत आत कोण बसायचं ते आठवत नाही.
टपावरचे आठवतात.
म्हणून मातीचे पंधराजण केले, भाजले, टपावर मांडले.
पहिल्याच वळणाला पंधराही कर्दळीत.

वळण फार आवळलेलं होतं.
आठ फुटांची त्रिज्या हवी
आणि अंगण साडेसहात संपतं.
त्यापुढे भिंत. भिंतीपुढे सिकरवार बाई.

नऊ वर्षं आम्ही बोलत नव्हतो.
कडुनिंबाची एक फांदी होती. मी तोडवली.
पानं माझ्याकडे पडायची, सावली तिच्याकडे.
चूक कुणाची, ते इथे लिहीत नाही,
लिहिलं तर माझ्याच बाजूने लिहीन.

आराखडा घेऊन गेले, कंपासने काढलेला.
ती विळीवर कैऱ्या चिरत होती.
कागद उलटा धरून बराच वेळ पाहिला, मग सुलटा.
“इत्ती-सी रेल के लिए मेरी दीवार फोड़ोगी, मुंगी मैडम?”
दोन भोकं, मी म्हटलं. एक जायला, एक यायला.
“और लौट के न आई तो?”
चढ नाही, मी म्हटलं. लेव्हल-ट्यूब लावून बघितलंय.
खरं तर तिच्या बाजूची जमीन
मी कुठे बघितली होती?

भोकांना चार दिवस लागले.
वीट भुसभुशीत, पण सिमेंट हट्टी.
तिच्याकडे दहा फूट रूळ,
लिंबाच्या आळ्याला वळसा घालून.
खडी तिनेच चाळली. मला वाटतं, माझ्यापेक्षा बारीक.

संध्याकाळी पहिली गाडी सोडली.
इंजिन भिंतीत शिरलं आणि मी मोजायला लागले.
इतका वेळ मी इंजिनकडे पाठ करूनसुद्धा कधी
इतकी घाबरले नव्हते.
अकरा सेकंद.
आलं. तोंडाला कोळिष्टक लावून.

महिनाभर अकराच. एखाद्या दिवशी बारा,
पाचोळा असेल.
परवा मात्र चौदा झाले, वीस झाले,
खट्-खट् थांबलेली. तीस.
मी स्टुलावर चढले, भिंतीवरून डोकावणार,
मग उतरले. शोभत नाही.
एक्केचाळीस.

गाडी आली, सावकाश, जड झाल्यासारखी.
टपावर माणसं.
कणकेची, उन्हात वाळवलेली, बोटाएवढी,
बूड ओल्या कणकेने डब्याला चिकटवलेलं.
एकाला फेटा. एकीच्या मांडीवर पोर.
एकजण पाय सोडून बसलेला,
गुडघे अगदी बरोबर जागी.

मोठ्या वळणावर एकही हललं नाही.

आता तिला जाऊन सांगायला हवं
की कणकेला रात्रीतून मुंग्या लागतात.
माझं आडनाव ऐकून
ती कैऱ्या खाली ठेवून हसेल.