साभार परत

चोपड्याच्या पोस्टात मीच वजन केलं होतं:
एक किलो दोनशे.
पुण्याहून परत आलं, तेही तेवढंच,
वर चिठ्ठीचे चार ग्रॅम.
हिलाल गुरुजी म्हणाले,
भो, सुतळीची गाठ तर माझीच शे.

तिसऱ्या खेपेला मात्र कुणी वाचलं होतं.
प्रत्येक 'शे'भोवती लाल गोल,
समासात: 'आहे' करा.

नाही केलं.
पाठकोऱ्या कागदांवर
केळीच्या घडांचा हिशोब मांडत राहिले.
ते गेल्यावर
त्या हिशोबामागून कादंबरी निघाली.

परवा नातीचा बी.ए.चा पेपर.
प्रश्न दुसरा, दहा गुण:
'शे' या क्रियापदाचं सौंदर्य सोदाहरण स्पष्ट करा.

विचारलं, अवघड शे का वं?
म्हणाली, आजोबा,
नीट बोला ना.