एकच निवडा

एप्रिल संपता संपता मेल आली, निवड झाली.
बारा आठवडे, घरी बसून,
एका सोशल नेटवर्कचा कोड लिहायचा,
ज्याला मालकच नाही.
कुणी कॉलेजात, कुणी माळ्यावरच्या जुन्या कॉम्प्युटरवर
आपापला सर्व्हर चालवतं, आणि सगळे एकमेकांशी बोलतात.
"मालक नाही तर पगार कोण देतंय?"
बाबा उद्यमबागेत साचे करतात,
त्यांच्या नखांत फाउंड्रीची काळी वाळू कायमची.
मी म्हटलं, मानधन आहे. ते म्हणाले, बघू.

माझं काम चिमूटभर.
पोस्ट लिहिताना खाली एक चौकट येते : भाषा.
शेजारी बारीक अक्षरांत : एकच निवडा.
ते "एकच" काढायचं होतं.

माझी मार्गदर्शक आनेली, टार्टूत राहते,
आमच्यापेक्षा अडीच तास मागं.
तिनं विचारलं, अगदी सरळ मनानं :
एका वाक्यात दोन भाषा
खरंच कुणी लिहितं का? नमुने दे.

म्हणून सकाळी वही घेऊन रविवार पेठेत.
"मेथी ताजी हाय बगा, तगोरी अक्का, एरडू पेंडी वीस."
लिहून घेतलं.
मेथी मराठी. तगोरी कन्नड. अक्का कुणाची?
भाजीवाली म्हणाली, "काय लिहूलैस गे? म्युनसिपालटीची काय?"
मी म्हटलं, नाही, परीक्षा आहे.
खोटंही नव्हतं. कोडची चाचणी ती.
तिनं मग मुद्दाम सावकाश, फोटोला उभं राहावं तसं
शुद्ध मराठीत भाव सांगितला.
ते वाक्य काही कामाचं नव्हतं.

बसमधून एकवीस, रिक्षा स्टँडवर सात,
आमच्याच स्वयंपाकघरातून चार (आईला सांगितलं नाही).
एकूण एकोणचाळीस वाक्यं पाठवली.
आनेलीनं एकच शब्द पाठवला : अच्छा.
तिच्या भाषेत. मला तो शोधावा लागला.

सातव्या आठवड्यात लाल अक्षरं आली :
त्याच फाइलमध्ये, ओळ दोनशे चौदा,
दुसऱ्या कुणी बदल केलाय.
शिवलीला. तीही निवडलेली. गाव गोकाक.
साठ-सत्तर किलोमीटरवरच्या दोघी
टार्टूमार्गे भेटलो.
यंत्र अशा वेळी एक चांगलं करतं, निकाल देत नाही.
तुझी ओळ वर ठेवतं, तिची खाली,
मधे बरोबरच्या खुणांची रांग घालतं
आणि माणूस येईपर्यंत थांबतं.
आम्ही फोन केला. ती कन्नडात, मी मराठीत,
अडलं तिथं दोघी इंग्रजीत, तेही अडतच.
तिच्याकडं वीज गेली. परत आली.
तिची ओळ माझ्यापेक्षा आखूड होती आणि बरोबर.
माझी मी खोडली. वाईट वाटलं थोडं.
वाक्यं मात्र माझीच राहिली.

ऑगस्टमध्ये जेवताना मोबाइल वाजला
आणि मी ओरडले, "विलीन झालं!"

काकांचा घास हातातच.
दर नोव्हेंबरला काळी फीत लावणारे काका,
पाठीवर एका जुन्या लाठीचा वळ सांगणारे,
हा शब्द त्यांनी जन्मभर घोषणेतच ऐकलेला.
"काय झालं?" त्यांचा आवाज एकदम तरुण.
कोड, काका. माझा कोड. मुख्य कोडमध्ये.
"हां," म्हणाले. आमटी ओढली.
बऱ्याच वेळानं : "आणि विरोध कुणी केला नाही?"
केला की. एका जर्मन माणसानं, स्वल्पविरामावरून.
काका हसले की ठसका लागला, कळलं नाही.
बाबांनी पाणी पुढं केलं.

आता चौकटीत दोन खुणा करता येतात.
पहिल्या आठवड्यात मी रोज बघायची, कुणी केल्या का.
नवव्या दिवशी एक पोस्ट दिसली, खडेबाजारातून,
मराठी आणि कन्नड, दोन्हीवर टिक :
डाव्या पायाची चप्पल हरवली आहे,
सिक्करे हेळ्री, उजवी माझ्याकडं आहे.