समोरून की मागून

रुस्तावीच्या गराजात, जानेवारीत
पान्याला बोट चिकटतं.
गाडी समुद्रापलीकडची, पुरात बुडालेली,
लिलावात पडेल त्या भावानं घेतलेली.
तिच्या इंजिनाचा मेंदू मांडीवर घेऊन बसलेत
अव्तांदिलमामा.
वहीएवढी ॲल्युमिनियमची पेटी,
तिला चार कनेक्टर,
आणि एकावरही नाव उरलेलं नाही.

"हा करडा. शेजारचा तपकिरी," मी सांगते.
मामा नुसतं हुं म्हणतात.
खटक्याखाली नख घालून दांडी उलटी पाडतात,
अक्रोड उकलावा तसा कनेक्टर सुटतो.
आत पिनांच्या रांगा,
कोपऱ्यात तिळाएवढा आकडा: एकतीस.

"समोरून बघतेस की मागून?"
नकाशा समोरून काढलेला, तारा येतात मागून,
डावं ते उजवं होतं.
पहिल्या वर्षी मी हे विसरले.
एक पंप जळाला,
आणि मामा आठवडाभर माझ्याशी
फक्त आकड्यांत बोलले.

"बारा?"
"पांढरी, तांबडी रेघ."
मीटर: पीं.
"तेरा?"
"शेवाळी, काळी रेघ."
पीं.
"चौदा?"
"जांभळी."
चौदा मुकी.

मामा चष्मा कपाळावर सारतात,
पिन नाकाशी नेतात.
"स्वच्छ आहे. तार आतून तुटली असणार."

स्वच्छ?
हिरवा गंज फुललाय तिच्यावर,
मला हातभरावरून दिसतोय.

सहा वर्षं, रोज:
कोणता रंग, म्झिया?
मला वाटायचं, परीक्षा घेतात.
मामी ओरडायची,
पुन्हा कच्चेच टोमॅटो आणलेत!
आणि खोक्यातली ती चिकटपट्टी,
सगळी पांढरी,
तिच्यावर त्यांच्या ठसठशीत अक्षरात आकडेच आकडे.

"सवय म्हणून पुसते," मी म्हणते.
ब्रश, स्पिरिट, एक फुंकर.
तोंडातून वाफ निघून पिनेवर बसते,
पुन्हा पुसते.

पीं.

"बघ, तुटली नव्हती," मामा म्हणतात,
जणू मीच तसं म्हटलं होतं.
"नव्हती."
बाहेर कुणीतरी थंड इंजिनाला
चावी मारून मारून थकतंय.
मामा बराच वेळ माझ्या हातातल्या ब्रशकडे पाहतात.
त्याच्या केसांत काय अडकलंय
ते मी त्यांना सांगत नाही.

"पंधरा?"
"पिवळी. रेघ नाही."
"ती दिसते मला," मामा म्हणतात,
आणि मीटरची दोन्ही टोकं
माझ्या हातात देतात.