वजनकाटा क्रमांक दोन, सोहार

गुरुवारी रात्री बारा वाजता
कस्टमच्या सर्व्हरने जुने प्रोटोकॉल बंद केले.
पत्र आलं होतं सहा महिने आधी,
मागून तीन स्मरणपत्रंही,
सगळी मेलविनच्या पत्त्यावर,
आणि मेलविन कधीचा कॅनडात
दारापुढचा बर्फ उपसतोय.

मी मस्कतहून दोनशे किलोमीटर गाडी हाकत आले,
डोक्यात एकच: सगळं नव्याने लिहावं लागणार.
मूळ कोड कुणाकडेच नाही.
उरलाय फक्त जार,
झाकण गच्च बसलेल्या बरणीसारखा,
आत काय मुरलंय ते मेलविनलाच ठाऊक.

मे महिना. पहाटे तीनलाही चौतीस अंश.
केबिनच्या काचेला बाहेरून घाम,
त्यापलीकडे ट्रकचे दिवे, पार गोल चौकापर्यंत.
पडद्यावर लाल अक्षरांत तेच ते:
हँडशेक फेल्युअर.

"म्हणजे नक्की काय झाला?"
इसहाक परकार. हर्णैचे.
एकवीस वर्षं याच खुर्चीत.
"आपण हात पुढे केलाय," मी म्हटलं,
"त्यांनी घेतला नाही."
"ह्यात नवीन काय?" ते म्हणाले,
आणि थर्मासमधला करक माझ्यापुढे सरकवला.

डीबग चालू केला, ओळ न् ओळ वाचत गेले.
आमचा प्रोग्रॅम दारात उभा राहून म्हणतो,
नमस्कार, मी टीएलएस वन पॉइंट झिरो बोलतो.
समोरून "कोण?" सुद्धा नाही.
दार बंद.
तीस सेकंद थांबतो, पुन्हा तेच म्हणतो,
त्याच आवाजात, तितक्याच अदबीने.

मग आवृत्ती पाहिली. जावा सेव्हन.
आणि जुन्या कागदपत्रांत, तळटिपेत, बारीक टायपात:
याला वन पॉइंट टू येतं.
येतं!
पहिल्या दिवसापासून येतं.
फक्त आपणहून बोलायचं नाही
असं शिकवून पाठवलंय घरून.

तेवढ्यात काचेवर धाडधाड.
इब्रीचा ड्रायव्हर, ट्रकमध्ये संगमरवर,
तोंडात एकामागून एक अरबी शब्द,
मला त्यातला फक्त अल्लाह कळला.
परकारांनी खिडकी सरकवली
आणि बोलू लागले.
अडखळत नाही, शोधत नाही,
घशातले ते खोल उच्चार
विहिरीतून बादली काढावी तसे वर.
काहीतरी गमतीचंही बोलले असावेत;
ड्रायव्हर हसला, कपाळ पुसलं,
ट्रकमध्ये जाऊन झोपला.

"तुम्हाला अरबी येतं?"
"येतंय की."
"मग मीटिंगला दुभाषा का बोलावतात?"
त्यांनी खिडकी लावून घेतली.
"मना कोणी इचारलाच नाय."

मी काही बोलले नाही.
बॅच फाईल उघडली.
वजा, डी, एचटीटीपीएस डॉट प्रोटोकॉल्स,
बरोबरचं चिन्ह, मध्ये जागा सोडायची नाही,
टीएलएस, व्ही, एक, टिंब, दोन.
एवढंच.
दोनशे किलोमीटर एवढ्यासाठी.

प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला.
नमस्कार, तो म्हणाला, नव्या बोलीत.
तिकडून ओळखपत्र आलं, याने ते तपासलं,
दोघांची एक किल्ली ठरली,
आणि पुढे त्यांचं जे बोलणं झालं
त्यातलं एक अक्षर मला वाचता आलं नाही.
तेच तर हवं होतं.

पहिला ट्रक इब्रीचाच.
अडतीस हजार चारशे साठ किलो.
हिरवी खूण.
परकारांनी त्याला हॉर्न वाजवून उठवायला लावलं
मागच्या ट्रककडून.

निघण्याआधी त्या ओळीच्या डोक्यावर
एक टीप लिहिली, पुढच्या माणसासाठी, मराठीत:
ही ओळ काढू नका.
याला येतं, पण सांगावं लागतं.
सेव्ह केलं आणि अक्षरांची झाली
नुसती प्रश्नचिन्हं, दोन ओळी भरून.

परकार वाकून बघत होते.
"हे काय लिवलाव?"
मी वाचून दाखवलं.
त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला,
पुढच्या ट्रकला हात केला.
"असू दे तसाच."